बिनानावाच्या बाळाचं बिल

पहिलं बिल माझ्या नावावर आलं, दुसरं नवऱ्याच्या आणि तिसरं लेकीच्या. लेक तेव्हा सव्वीस दिवसांची होती. बारसं झालेलं नव्हतं, म्हणून पाकिटावर नुसतं ‘बेबी गर्ल’ आणि पुढे आमचं आडनाव. माझ्या बाळंतपणासाठी सांगलीहून आलेल्या आईने ते पाकीट उलटसुलट करून बघितलं. "अगं, हिला अजून पाळण्यात घातली नाही आणि हिला पत्रं यायला लागली?" तिला वाटलं, कुणीतरी शुभेच्छा पाठवल्यात.

शुभेच्छा चार हजार डॉलरच्या होत्या. जन्मल्यावर बाळाला कावीळ झाली म्हणून दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. रोज सकाळी एक डॉक्टर यायचा, दोन मिनिटं बघायचा, "लुकिंग गुड" म्हणायचा आणि जायचा. हॉस्पिटल आमच्या इन्शुरन्सच्या नेटवर्कमधलं आहे हे आम्ही तीन-तीनदा विचारून घेतलं होतं. हा डॉक्टर मात्र नेटवर्कबाहेरचा निघाला. आता टाके ठणकत असताना मी त्याला काय विचारायचं होतं, बाबा रे, तू आतला की बाहेरचा?

पुढचे दोन दिवस फोनवर गेले. हॉस्पिटल म्हणे इन्शुरन्सला विचारा, इन्शुरन्स म्हणे डॉक्टरच्या ऑफिसला विचारा, ते म्हणे हॉस्पिटलला. फोन खांद्याला, बाळ अंगावर, आणि कानात होल्डवरची ती एकच धून. मध्येच मला रडूही आलं. कशासाठी असं काही नाही. दमले होते, बस्स.

शेवटी इन्शुरन्समधल्या एका बाईने नीट उत्तर दिलं. नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात असा बाहेरचा डॉक्टर आला, तर त्याचे जास्तीचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत, तसा कायदाच आहे. मला जरा हायसं वाटलं. मग ती म्हणाली, पण तुमचं बाळ आमच्या यादीतच नाही. जन्मापासून तीस दिवसांत नवऱ्याच्या कंपनीतून ते इन्शुरन्सवर घ्यायला हवं. नाही घेतलं, तर या डॉक्टरचंच नाही, दिव्याखालच्या दोन दिवसांचं सगळं बिल तुम्हालाच भरावं लागेल.

तो अठ्ठाविसावा दिवस होता. संध्याकाळी नवऱ्याला विचारलं तर फॉर्म लॅपटॉपवर अर्धा भरून पडलेला. "नावाचा रकाना आहे ना त्यात," तो म्हणाला. "म्हटलं, ताई आली की भरू."

ताई म्हणजे माझी नणंद. नागपूरला शाळेत शिकवतात. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हापासून धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. त्यांनी आमच्याकडे कधी काही मागितलं नाही. एवढंच म्हणाल्या होत्या, बाळाचं नाव मी ठेवणार, आत्याचा मान आहे, आणि ते आधी तिच्या कानात सांगणार, मग तुम्हाला. नाव काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा त्यांचा व्हिसा नाकारला गेला, दुसऱ्यांदा मिळाला, तोवर बाराव्या दिवसाचं बारसं टळून गेलं होतं. तिकीट अजून अकरा दिवसांनी होतं. आम्ही बाळाला ठमी म्हणत होतो.

"तू कर फोन," नवरा म्हणाला. "मला नाही सांगवणार."

"बहीण तुझी, फॉर्म तुझा, आणि वाईटपणा मी घेऊ?" भडकलेच मी. पण त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मीच व्हिडिओ कॉल लावला.

तिकडे संध्याकाळ झाली होती. ताई आपल्या आईच्या साडीची कुंची शिवत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. पैशांपायी नाव मागतेय म्हणून जीभ जड झाली होती. त्या ऐकत सुईत दोरा ओवत होत्या आणि तो काही ओवला जाईना.

"नावाशिवाय होतच नाही का गं?"

"नाही ना ताई," मी म्हणाले. अगदी ठामपणे म्हणाले.

"बरं. मग फोन तिच्या कानाशी धर."

धरला. त्यांनी कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. बारशात या वेळी पोरीबाळी आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. ताईंच्या खोलीत कुणीच नव्हतं. माझ्या आईने उठून माझ्याच पाठीवर दोन चापट्या मारल्या. "राहायला नको," ती म्हणाली. नवरा आत निघून गेला होता.

नाव छान होतं. आम्ही ते फॉर्मवर भरलं, आणि उगाच राहायला नको म्हणून मी नवऱ्याच्या कंपनीत फोन करून खात्रीही करून घेतली. तिथल्या बाईने माझ्याकडून एकेक अक्षर वदवून घेतलं. नाव फार गोड आहे म्हणाली. मग सहज म्हणाली, "नाव ठरलं नसतं तरी चाललं असतं बरं का. पुष्कळ जण ‘बेबी गर्ल’ लिहितात आणि नंतर बदलतात."

ते पाकीट अजून टेबलावरच होतं. त्यावरही तेच लिहिलेलं होतं.

चार हजारांचं ते बिल रद्द व्हायला आणखी तीन महिने गेले. किती फोन केले ते मी मोजणं सोडून दिलं. ताई मात्र ठरल्या दिवशी कुंची घेऊन आल्या. बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये आम्ही बारसं केलं. त्यांनी पुन्हा कानात नाव सांगितलं, आणि सगळ्या बायकांनी त्यांच्या पाठीत दणादण धपाटे घातले. त्या खूप हसल्या.

नंतर घुगऱ्या वाढताना मी विचारलं, "झालं ना ताई, मनासारखं?"

"झालं गं," त्या म्हणाल्या. "तिला नाव आधीच ठाऊक होतं, एवढंच."

खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या हातात वाटी होती, समोर त्या होत्या. त्यांनी त्या दिवशी साधं विचारलं होतं, नावाशिवाय होत नाही का. दोन दिवस मी जगभरच्या बायकांना फोन करकरून नाही नाही ते विचारत होते, आणि हे एक कुणालाही न विचारता नाही म्हणून मोकळी झाले. लेक आता चार वर्षांची आहे. दर रविवारी फोन कानाशी धरून आत्याशी बोलते. मी ताईंना अजून सांगितलेलं नाही.