मिंकाच्या नावाची कड

वासिल्का कोलेवाच्या दुकानाच्या पाटीवर 'लग्नपत्रिका, झेरॉक्स, शिक्के' असं लिहिलेलं आहे, पण गावात लग्नं होत नाहीत. लग्नाच्या वयाची माणसं जर्मनीत आणि स्पेनमध्ये आहेत. ती तिकडेच लग्न करतात आणि पत्रिका फोनवर पाठवतात. गावात उरली आहेत ती मरायच्या वयाची माणसं, आणि ती मात्र वासिल्काशी एकनिष्ठ आहेत. माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि दोन ओळी असलेला कागद घराच्या दारावर, बसथांब्यावर, चर्चच्या फाटकावर लागतो. मग चाळीस दिवसांचा, सहा महिन्यांचा, वर्षाचा, तीन वर्षांचा. वासिल्काच्या गिऱ्हाइकांत मेलेली माणसं जिवंत माणसांपेक्षा जास्त नियमित आहेत.

तरुणपणी ती जिल्ह्याच्या गावी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायची. अंगठा फिरवून झिजलेलं अक्षर ओळखायची आणि खोक्यातून बाहेर भिरकावायची. ती सवय अजून आहे. गावातून चालताना दारावरचे कागद ती वाचते, पण आधी तिला समास दिसतो, मग ओळींमधलं अंतर, आणि सगळ्यात शेवटी कोण गेलं ते. कुठे पुसट छपाई दिसली की त्या घरच्या दुःखापेक्षा तिचं दुःख क्षणभर मोठं असतं. स्वतःच्या कागदांकडे मात्र ती घरच्या आरशात पाहावं तशी पाहायची, म्हणजे पाहायचीच नाही.

मंगळवारी सकाळी दोब्रीकाका आले. हे गावचे घड्याळवाले, वय त्र्याऐंशी. त्यांची बायको मिंका जाऊन शनिवारी दहा वर्षं होणार होती.

"या वेळी मोठा कर," ते म्हणाले. "नेहमीच्या चौपट."

"चौपट? काका, दार केवढं तुमचं!"

"दार आहे तेवढंच आहे. डोळा लहान झालाय." उजवा डोळा गेल्या वर्षीच गेला होता आणि डाव्याबद्दल डॉक्टरांनी हिवाळ्यापर्यंतचीच हमी दिली होती. "रोज बाहेर पडताना मी तिचं नाव वाचतो. मोठ्यानं. शेजारीण म्हणते, म्हातारा भ्रमिष्ट झाला. होऊ दे. पण हल्ली मी वाचत नाही पोरी, आठवून म्हणतो. ते वेगळं. डोळा जाण्यापूर्वी त्यानं अजून थोडे दिवस वाचू दे."

वासिल्काने संगणकातून जुनी फाइल काढली, 'नऊ'वर पांढरी चौकट टाकली, वर 'दहा' लिहिलं, सगळं चौपट केलं आणि छापखान्याला पाठवून दिलं. एवढा मोठा कागद तिच्या यंत्रात मावत नव्हता. गुरुवारी दुपारच्या बसच्या ड्रायव्हरने गुंडाळी आणून दिली.

दोब्रीकाकांनी खिशातून घड्याळजीचं भिंग काढलं, डाव्या डोळ्यात बसवलं आणि टेबलावर ओणवे झाले.

"मिंकाच्या नावाला लव आलीये," ते म्हणाले.

"काय आलीये?"

"लव. पीच फळाला असते तशी. अक्षराला कड कुठाय?"

"माझ्या अक्षराला?" वासिल्काचा आवाज चढला. "काका, डोळा तुमचा खराब आहे, कागद नाही."

"डोळा खराब आहे, भिंग नाही," ते शांतपणे म्हणाले आणि भिंग तिच्या हातात दिलं.

तिने पाहिलं. नावाच्या प्रत्येक अक्षराभोवती राखाडी ठिपक्यांचा धुरळा होता. तिरक्या रेषांना पायऱ्या पडल्या होत्या. बारीक ओळींमधली अक्षरं तर एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. दुसऱ्या कुणाच्या दारावर हे दिसलं असतं तर ती आठवडाभर बोलली असती.

"तसं तिसऱ्या वर्षापासून दिसतंय मला," दोब्रीकाका म्हणाले. "म्हटलं, तुझी पद्धत असेल."

ही पद्धत कुठून आली ते दोघांनाही माहीत होतं आणि दहा वर्षांत दोघांनीही तो विषय काढला नव्हता. मिंकाच्या चाळिसाव्याचे कागद वासिल्काने असेच बाहेर छापायला दिले होते. छापखान्याकडे तिचा फॉन्ट नव्हता. कागद आले ते विधीच्या सकाळी, आणि नावाच्या जागी ओळीने रिकाम्या चौकोनी डब्या. चाळीस कागद, चाळिसांवर मिंका गायब. वासिल्का नुसती उभी राहिली. दोब्रीकाकांनी खुर्ची ओढली, घड्याळांच्या तबकड्यांवरचे आकडे दुरुस्त करायची बारीक लेखणी काढली आणि चाळीस वेळा बायकोचं नाव हाताने लिहिलं. गावात कुणाला सांगितलं नाही. उलट बायका वासिल्काला म्हणाल्या, काय सुंदर कल्पना सुचली तुला!

तेव्हापासून तिने छपाईला जाणाऱ्या एकाही फाइलमध्ये अक्षर अक्षर म्हणून ठेवलं नाही. सगळ्याचं चित्र करायचं, जेपीजी, म्हणजे फॉन्ट हरवायची भीतीच नको. दर पुण्यतिथीला त्याच चित्रावर पांढरी चौकट, नवा आकडा, पुन्हा चित्र. चित्राचं चित्र, त्याचं चित्र. मिंका दर वर्षी थोडी पुसट होत होती आणि बघणाऱ्याला वाटायचं, काळच तो, असंच व्हायचं.

तिने छापखान्यातल्या प्लामेनला फोन लावला.

"मावशी, मी म्हणणारच होतो," प्लामेन म्हणाला. "तुम्ही मला अक्षरं पाठवतच नाही. अक्षरांचा फोटो पाठवता. फोटो ताणला की फाटणारच."

"म्हणणार होतास तर म्हणाला का नाहीस?"

"तुम्ही शिशाच्या काळातल्या. तुम्हाला कोण सांगणार? मागे एकाने सांगितलं होतं तर तुम्ही त्याला समास शिकवलात."

"बरं बरं. आता सांग. पण डब्या आल्या तर बसमध्ये बसून तिथे येईन."

"डब्या नाही येणार. चेहरा फोटोच राहू दे, पण मूळ फोटो नव्याने स्कॅन करा, छापायच्या आकाराला इंचाला तीनशे ठिपके धरून. अक्षरं नव्याने टाईप करा आणि शेवटी कर्व्ह करा. मग ते अक्षर राहत नाही, नुसती आकाराची रेघ होते. तिला फॉन्ट लागत नाही. चर्चच्या भिंतीएवढी केली तरी कड तशीच. आणि पीडीएफ पाठवा, जेपीजी नको."

"एवढंच?"

"एवढंच. फक्त कर्व्ह करण्याआधीची एक प्रत वेगळी ठेवा. एकदा रेघा झाल्या की शब्द बदलता येत नाही. 'दहा' कोरलं की दहाच."

वासिल्काने वहीच्या पाठीवर लिहून घेतलं. आवळलेल्या ओठांनी 'आभारी आहे' म्हणाली. प्लामेन पुढे दोन दिवस हे लोकांना सांगत होता.

दोब्रीकाका घरी जाऊन मूळ फोटो घेऊन आले. मिंका त्यात कशाला तरी हसत होती आणि अर्धी हलली होती. "ही पुसट आहे ती अशीच ठेव," ते म्हणाले. "ती हललीच होती."

वासिल्काने नव्याने अक्षरं जुळवली. दोब्रीकाका शेजारी स्टुलावर बसले होते.

"एक ओळ घाल," ते म्हणाले. "'मिंकाला ज्यांनी हसवलं, त्या सगळ्यांचे आभार.'"

"पुण्यतिथीच्या कागदावर आभार?"

"मग कुठे मानू? तिच्या नावाने उकडलेले गहू वाटले तर रीतीप्रमाणे घेणारा आभार मानू शकत नाही, 'देव तिला क्षमा करो' म्हणायचं असतं. देणारा तर बोलूच शकत नाही. दहा वर्षं माझ्याकडे आभार नुसते पडून आहेत."

तिने ओळ घातली. आधी एक प्रत तशीच ठेवली, मग दुसरी कर्व्ह केली, आणि पडद्यावर मिंकाचं नाव मोठं करत गेली. दुप्पट, दहापट, शंभरपट. एका अक्षराच्या वळणाने सगळा पडदा भरला. कड ब्लेडसारखी होती. तिने नकळत पडद्यावर अंगठा फिरवला.

"काय झालं?" दोब्रीकाकांनी विचारलं.

"काही नाही. बघत होते, झिजलंय का."

शनिवारी पहिल्या बसने गुंडाळी आली. दोब्रीकाकांनी भिंगाला हातही लावला नाही. दोघांनी मिळून कागद दाराला डकवला. मग ते पायऱ्या उतरले, फाटकाबाहेर गेले, रस्ता ओलांडून समोरच्या अक्रोडाखाली उभे राहिले. वासिल्का दाराशीच थांबली. सोबत दहा वर्षांपूर्वीची ती सकाळही उभी होती.

"मिंका दोब्रेवा स्लावोवा," रस्त्यापलीकडून आवाज आला. थोडं थांबून, अडखळत, शाळेतल्या पोराने वाचावं तशी शेवटची ओळही आली, आभारांची. बारीक टायपातली.

शेजारणीने खिडकी उघडली. "झाली का सकाळ यांची!"

"वाचतोय मी!" दोब्रीकाका ओरडले. "आठवून म्हणत नाहीये, वाचतोय!"

परत आल्यावर त्यांनी घरातून साखर पेरलेल्या उकडलेल्या गव्हाची वाटी आणली आणि वासिल्काच्या हातात दिली. आभार मानायची सोय नव्हती. "देव तिला क्षमा करो," ती म्हणाली, आणि मग रीत मोडून, वाटीकडे बघत पुटपुटली, "त्या चाळीस कागदांबद्दल, काका. कधी म्हणाले नाही मी."

"कुठले कागद?" दोब्रीकाका म्हणाले. "ती तर तुझी कल्पना होती. सगळं गाव सांगतं."

ती गहू खात होती तेव्हा ते पुन्हा दाराकडे बघत होते. "असाच एक माझाही करून ठेव. हाच टाईप, हाच आकार. तारीख तेवढी मोकळी सोड."

सोमवारी तिने तो करून ठेवला. दोब्रीकाकांनी येऊन तपासला, वडिलांच्या नावात एक चूक काढली आणि खूश होऊन गेले. फाइल तिच्याकडे आहे. ती मात्र तिने कर्व्ह केलेली नाही. अजून काही बदल सुचतील म्हणाले आहेत.