टाकेबाईंची शिवण

"पट्टा फाटलेला नाही, कापलेला आहे. कोणी कापला, एवढंच विचारतेय."

"तिसऱ्यांदा विचारतेयस. खडकाला घासून तुटला असेल."

"खडकाच्या हातात सुरी होती का?"

 टाकेबाईंचा नवरा दुकानाच्या उंबऱ्यावर पाठमोरा बसून दोराचं वेटोळं उलगडत होता आणि पुन्हा तसंच गुंडाळत होता. आतून सासूबाई म्हणाल्या, "आधी जेवून घ्या दोघं. भांडण विटत नाही, भाजी विटते."

टाकेबाईंनी निळी सॅक मांडीवर ओढली आणि कमरपट्ट्याचं टोक उजेडात धरलं. फाटलेल्या पट्ट्याचे धागे चहूकडे पिंजारतात. हे टोक सरळ होतं. शिवाय टाक्यांच्या फटींत बारीक राखाडी वाळू बसली होती.

त्यांचं दुकान राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकासमोर होतं. पुढे दुकान, मध्ये शिवणाची खोली, मागे स्वयंपाकघर. नवरा वाटाड्या. शहरातून आलेल्यांना सॅक आणि तंबू भाड्याने द्यायचे आणि चार दिवस पायी, नदी ओलांडून, वरच्या दोन तळ्यांपर्यंत फिरवून आणायचं, हा धंदा. लग्न होऊन आल्यापासून बावीस वर्षांत टाकेबाई एकदाही वर गेल्या नव्हत्या. तरी ते रान त्यांना पाठ होतं. तांबडी माती लागली असेल तर खालचा चढ, चिकट डाग असेल तर वरची झाडी, राखाडी वाळू असेल तर नदीचं पात्र. कोण दमला की सॅक धाडकन आपटतो, कोण वरचं पाणी न पिताच परत येतो, हेसुद्धा त्यांना कापडावरून कळायचं.

शिवण त्या वडिलांकडून शिकल्या. वडील ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे आणि काम झालं की टाक्याला स्वतः लोंबकळून बघायचे. टाकेबाईही तेच करत. छताच्या कडीला सॅक अडकवायची, दोन्ही हातांनी पट्टा धरायचा आणि पाय उचलायचे. सासूबाई सुरुवातीला घाबरायच्या, पुढे पाहुण्यांना बोलावून दाखवू लागल्या. "आमची सून झाडावर राहायची पूर्वी," म्हणायच्या. फाटकावरच्या सगळ्यांनी त्यांचं खरं नाव टाकून दिलं आणि टाकेबाई हेच ठेवलं. कापड फाटेल, पण टाकेबाईंची शिवण उसवायची नाही, असं वाटाडे एकमेकांना सांगत. ते ऐकलं की टाकेबाई मान खाली घालून दोऱ्याला मेण लावत राहायच्या. आवडायचं त्यांना.

गेल्या हंगामात कमरपट्ट्यांचे खटके एकामागून एक तुटले. प्लास्टिकचे ते, दाबले की टचकन सुटणारे. नवीन मागवले तर येईनात. मग टाकेबाईंनी स्वतःच्या डोक्याने मार्ग काढला. खटक्याच्या जागी लोखंडाच्या दोन कड्या शिवल्या आणि पट्टा त्यांतून ओवला. चालताना तो सरकतो अशी तक्रार आली, तेव्हा टोकाला दुमड घालून जाड टाका मारला. मग तक्रार बंद झाली. नवरा म्हणाला होता, "कंपनीवाल्यांनी तुझ्याकडे शिकायला यावं." नऊ सॅकना त्यांनी असेच पट्टे लावले होते.

नदी ओलांडताना कमरपट्टा आधी सोडायचा, हा वाटाड्यांचा पहिला नियम. पाय निसटला तर ओझं टाकून देता यावं म्हणून. खटका असेल तर विसरलेला माणूससुद्धा एका बोटाने सुटतो.

टाकेबाईंची नजर कड्यांवरून वाळूवर गेली आणि तिथेच थांबली.

"ही सॅक पाण्याखाली होती," त्या म्हणाल्या.

"भिजते की सॅक. नदी आहे ती."

"वरून भिजली तर वाळू खिशात जाते. टाक्यात नाही जात. ही पाण्याखाली दाबून राहिली होती. कोणाच्या पाठीवर होती?"

"त्या शाळामास्तराच्या. गेला तो घरी. बसमध्ये मीच बसवून दिलं."

तेवढ्यात लेक शिवणाच्या खोलीतून आली. एकोणीस वर्षांची. उद्या पहाटे आठ जणांची तुकडी निघणार होती आणि त्या तुकडीच्या मागे, सगळ्यांच्या शेवटी चालायचं काम पहिल्यांदाच तिला मिळालं होतं. सकाळपासून तिने आपली सॅक तीनदा भरली आणि तीनदा रिकामी केली होती. आत्ता ती पाठीवर लावून, कमरेचा पट्टा आवळून ती आरशासमोरून आली होती.

"आई, कशी दिसतेय?"

"गाढवासारखी," सासूबाई आतून म्हणाल्या. "न बघता सांगते."

लेक हसली. टाकेबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, मोरीतून पाण्याने भरलेली बादली घेऊन आल्या आणि लेकीच्या कमरेवर, कड्यांवर, पट्ट्यावर अख्खी ओतली.

"आई, काय हे!"

"आता सॅकला मागून मी लटकते. पाणी ओढतंय असं समज. सोड पट्टा."

टाकेबाईंनी सॅकचं वरचं हँडल धरून सगळं अंग मागे टाकलं. लेकीने आधी एका हाताने ओढून पाहिलं, मग दोन्ही हातांनी. भिजलेला पट्टा फुगून कड्यांत रुतला होता आणि ओढ लागली तसा आणखी घट्ट होत होता. दुमडीचा जाड टाका कडीला येऊन अडायचा. लेकीची नखं त्यावरून घसरत होती. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"सुटत नाहीये," लेक म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आई, सोड ना. पोटात रुततंय."

टाकेबाईंनी सोडलं. नवरा उंबऱ्यावरून वळून बघत होता. हातातला दोर खाली पडला होता.

"असंच झालं," तो म्हणाला. "मी दोर धरून पलीकडे होतो. मास्तर मधे आला आणि पाय निसटून पडला. पट्टा सोडायला सांगायचं राहून गेलं माझ्याकडून. सॅक वर, तो खाली. मी पोचलो तेव्हा त्याचे हात पट्ट्यावरच होते. मी कापला."

"वाचला ना पण?" सासूबाईंनी विचारलं.

"वाचला. बराच वेळ श्वास नव्हता. मग आला."

"आणि उद्यानाच्या ऑफिसात?"

"नाही सांगितलं. त्यालाही सांगू नको म्हटलं. परवाना जाईल, मग खायचं काय?"

टाकेबाई लेकीजवळ गुडघ्यावर बसल्या. त्यांनी दाभणाने जाड टाका उचलून धरला आणि कात्री लावली. तो त्यांचाच टाका होता. तीनदा कात्री चालवावी लागली. लेकीच्या कमरेवर लाल पट्टा उमटला होता.

"खटके पुढच्या आठवड्यात येतायत," नवरा म्हणाला. "उद्या मी एकेकाला स्वतः सांगेन. नदीच्या काठावर उभा राहून एकेकाचा पट्टा सोडायला लावेन."

"पाणी किती आहे वर?"

त्याने खाली पडलेला दोर उचलला आणि पुन्हा गुंडाळायला लागला.

"बाबा, किती आहे?" लेकीने विचारलं.

"परवापेक्षा वीतभर जास्त. बर्फ वितळतंय."

"मग पट्टेच काढून टाका," सासूबाई म्हणाल्या.

"चार दिवसांचं ओझं नुसत्या खांद्यावर कोण नेईल, आई? दुपारपर्यंत माणसं बसकण मारतील. एवढ्या लांबून आलेत लोक. तळी बघितल्याशिवाय परत जातील का?"

टाकेबाई शिवणाच्या खोलीत गेल्या. उरलेल्या सात सॅक तिथे भिंतीशी उद्यासाठी भरून ओळीने उभ्या होत्या. पलीकडून बराच वेळ नुसता कात्रीचा आवाज येत राहिला. मग त्या कड्या लोंबणारे पट्टे हातात घेऊन बाहेर आल्या आणि जेवणाच्या टेबलावर, भाजीच्या पातेल्याशेजारी ठेवले.

"उद्या कोणी वर जाणार नाही," त्या म्हणाल्या. "आठही जणांना मी फोन करते. ऑफिस पाचला बंद होतं. त्याआधी मी तिथे जाऊन मास्तरांचं काय झालं आणि कड्या कोणी शिवल्या, हे दोन्ही लिहून देणार आहे. तुम्ही आलात तर दोघांच्या सह्या, नाहीतर माझ्या एकटीची. जेवून घ्या, चार वाजता निघायचंय."