आपल्या मुलाबद्दल सांगा

"तसं काही विशेष नाही त्याच्यात," मुलाचं कुणी कौतुक केलं की काका हात झटकून म्हणायचे आणि लगेच विषय बदलायचे. असे वडील तुम्हीही पाहिले असतील.

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावात आम्ही एकाच घरात भाडेकरू होतो. काकांचं कुटुंब खाली, मी वरच्या खोलीत. माझ्या कुटुंबातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. ॲडमिशनचे सगळे फॉर्म मी एकटीनं भरले, याचं नागपूरच्या काकांना भारी अप्रूप. म्हणून बारा वर्षांच्या ईशानसाठी फक्त मुलग्यांची एखादी खासगी शाळा निवडायचं ठरलं, तेव्हा दर शनिवारी मलाही गाडीत बसवलं जाई. काकूंची त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ड्यूटी असे. भल्यामोठ्या शाळेत ईशान गप्प गप्प होत चालला होता. छोट्या वर्गात तरी बोलेल, एवढीच काकांची आशा.

प्रत्येक शाळेत पालकांना एक प्रश्न ठरलेला: आपल्या मुलाबद्दल सांगा. इतर वडील व्हायोलिन, तलवारबाजी, रोबोट असं काय काय सांगत. काका सांगत, विसराळू आहे, जेवायला तास लावतो, अक्षर वाईट. परतताना मी भीत भीत म्हटलं, इथे चांगलं सांगावं लागतं, काका.

"आपल्याच पोराची आपणच तारीफ करायची? बरं दिसते का ते?"

तिसऱ्या शाळेतल्या बाईंनी ही यादी ऐकून घेतली आणि ईशानला विचारलं, तुला काही सांगायचंय का. तो खाली बघत म्हणाला, "नो. दॅट्स ऑल ही सीज."

घरी येताना काका दोनदा हायवेवरून उतरायचा एक्झिट चुकले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला लॅपटॉपसमोर बसवलं. त्याच शाळेचा फॉर्म, पालकांचं निवेदन तेवढं राहिलेलं. तुम्ही बोला, मी टाइप करते, म्हटलं. बराच वेळ ते स्वच्छ टेबल पुसत राहिले. मग सांगू लागले. दोन वर्षांपूर्वी नोकरी गेली होती. घरी सांगायची हिंमत झाली नाही. रोज आठला बॅग घेऊन निघायचे आणि लायब्ररीत जाऊन बसायचे. एका दुपारी ईशान मित्रांबरोबर तिथे आला. त्यानं बापाला पाहिलं आणि, बापानंही आपल्याला पाहिलंय हे न कळता, मित्रांना घेऊन मुकाट परत फिरला. कुणाजवळ काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून नवी नोकरी लागेपर्यंत, बॅगेत रोज एक केळं आणि चिवड्याची पुडी निघायची.

"हे फॉर्मवर चालते का?" काकांनी विचारलं.

मला खरंच माहीत नव्हतं. चालतं, म्हटलं.

शाळेनं त्याला घेतलं. ऑगस्टमध्ये ते तिघं शाळेजवळ राहायला गेले. खाली आता दुसरं कुटुंब आहे.

मला मात्र काका आठवतात ते फॉर्म भरला त्या संध्याकाळचे. फॉर्मवर शेवटची सही ईशानची हवी होती. तो उभ्या उभ्याच स्क्रीनवरचं वाचू लागला. संपल्यावर पुन्हा वरपासून वाचलं.

"बाबा, यू सॉ मी?"

काकांनी मान हलवली आणि बाजूची खुर्ची त्याच्यासाठी ओढली.