बांगडीची निशाणी

“कागदावर नांगर तुझा उमटतो, नि टोपली माझ्या डोक्यावर,” सगुणा म्हणाली. “ही कुठली रीत?”

नाथा ओटीवर बसून पायाच्या भेगांत तेल जिरवत होता. मान वर न करता म्हणाला, “सगल्यांचा तसाच उमटतो. तुझा काय नवीन?”

“नवीन काय नाय. जुनाच हाय, म्हनून तर बोलते.”

ठाकुर्लीच्या खाडीकडे आगगाडी धावू लागून एक पिढी सरली होती, पण मिठागराची रीत बदलली नव्हती. दिवाळी झाली की तिथे माणसं लावत आणि लावताना करारनामा करून घेत. यंदाचा मक्तेदार नवा होता, कायद्याला जपणारा. त्याने करारनाम्याची नक्कल आधीच घरोघर पाठवली होती. मजुरी किती, हातात कधी पडणार, काम मध्येच टाकलं तर फौजदाराकडे कशी तक्रार जाईल, सगळं तिच्यात होतं. लिहिता न येणाऱ्याने सहीच्या जागी निशाणी करायची. गड्याने नांगर काढायचा, बाईने बांगडी. पण मिठागराच्या कागदावर बांगडी कधी आलीच नव्हती. तिथे जोडपं लावत. दोघांची मिळून ओळ एक आणि नांगर एक.

सगुणाने ती नक्कल शाळेच्या त्र्यंबक मास्तरांकडून वाचून घेतली होती. ‘नाथा व त्याची बायको’, एवढंच त्यांनी वाचलं. पुढे काय आहे म्हणून तिने विचारलं, तर पुढे रघूची ओळ सुरू झाली होती.

ती या घरात आली तेव्हा तिला भरली टोपली पेलत नव्हती. दोनदा बांधावरून घसरून मिठासकट चिखलात पडली होती. आता ती वाटेत कुठे टेकत नसे. डोक्यावरून पाझरणारं खारं पाणी डोळ्यांत उतरलं, तरी टोपलीचा हात सुटत नसे.

गेल्या चैत्रात नाथाला हिवतापाने धरलं. तो घोंगडीखाली कुडकुडत पडला आणि सगुणा रोज मिठागरावर जात राहिली. मजुरीच्या दिवशी मुकादम म्हणाला, नांगरवाला गैरहजर, म्हणजे ओळच गैरहजर.

“मंग मीठ कोनी वाहिला?” तिने विचारलं होतं.

“तू वाहिलंस. मी कुठं नाय म्हनतो? कागदावर कुठं हायेस ते दाखव.”

त्या पावसाळ्यात घरातला तांब्याचा हंडा गहाण गेला.

आता आवडाबाई, तिची सासू, सुपातले तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “बाईची बांगरी कागदावर येते ती दादला गेल्यावर. तो तर बसलाय समोर, धडधाकट. कशाला अभद्र काडतेस?”

“चैतात धडधाकट नव्हता, आये. तवा तुमीच म्हनलात, तू जा, नाय तर चूल इझंल.”

आवडाबाईचा हात सुपात थांबला.

“मुकादम हसंल,” नाथा म्हणाला.

“हसू दे. हसायची मजुरी थोरीच मागतोय तो?”

“आनि नाय म्हटला तर? एकट्या गड्याला कोन घेतो? आख्खा हंगाम जाईल.”

खरी भीती हीच होती, आणि ती सगुणालाही होती. नक्कल ऐकून आल्यापासून ती तेवढंच उलटंसुलटं करून बघत होती.

“एकट्याला घेत नाय, म्हनजे माझ्याबिगर घेत नाय,” ती म्हणाली. “त्याला हे ठावं हाय. तुलाच नाय.”

नाथाने तेलाची वाटी बाजूला सारली. आवाज उतरवून म्हणाला, “लोक म्हनतील, नाथाची बायको वेगली झाली.”

“चूल एकच हाय ना? ताटं दोन घेतो, तवा कोन काय म्हनत नाय.”

आवडाबाईच्या तोंडावर हसू आलं. तिने ते सुपाआड लपवलं.

सगुणाने दोघांना भात वाढला, वर सुकटीचं कालवण घातलं. मग पळी हातात तशीच धरून, आवाज न चढवता म्हणाली,

“उद्या निशानी करायला मी तुझ्यासंगं येते. माझ्या नावाची ओल नि माझी बांगरी कागदावर आली तर टोपली उचलीन. नाय आली तर तूबी नांगर काडायचा नाय. दोघा घरी येऊ.”