नावापुढची खूण

"पयलं पोरांचं करा, ताई. माझा काय, मी हायच."

खिडकीशी यायचं, टोपी काढून काखेत धरायची आणि हे म्हणायचं, हा आमच्या हवालदारांचा नेम. मी पोलिसांच्या कार्यालयात लिपिक. पगारबिलं, रजा, भत्ते, सगळं माझ्या टेबलावरून जातं. रांगेत पहिला नंबर असला तरी ते तरुण शिपायांना पुढे सोडत आणि भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसत. तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल. अशा माणसाला आपण किती खुशाल गृहीत धरतो, तेही तुम्हाला ठाऊक असेल.

ते अर्नाळ्याचे, मी आगाशीची. तेवढ्या शेजारधर्मावर ते मला सुक्या बोंबलांची पुडी आणत. आमचे शाकाहारी हेडक्लार्क लगेच उदबत्ती लावत. "साहेब, आज कसली पूजा?" हवालदार गंभीर चेहऱ्याने विचारत.

तक्रार म्हणाल तर एकच, धुलाई भत्त्याची. "ह्यात टोपी धुवू का पट्टा, एकदा सांगून टाका." पण ती हसण्यापुरती. सुट्ट्या बंदोबस्तात गेल्या, त्याबद्दल कधी अवाक्षर नाही.

चाळिशी ओलांडलेल्या पोलिसांची वर्षातून एकदा सरकारी खर्चाने वैद्यकीय तपासणी होते. त्यांची तारीख दोनदा बंदोबस्तात बुडाली. शेवटी यादी दुपारपर्यंत वर पाठवायची होती आणि त्यांचं एकच नाव राहिलं होतं. यादी अपुरी गेली की खुलासा लिहावा लागतो. म्हणून आमच्याकडे ती अपुरी जात नाही. मी फोन केला. ते आचोळ्याला नाक्यावर उभे होते.

"छातीत जळजळ होते, ताई, जायला पायजेच. पन आज काय सुटनार नाय."

"बोंबील कमी खा," मी हसून म्हटलं. "तपासणी झाली म्हणून लिहिते. पुढच्या आठवड्यात नक्की जा."

"लिवा की. मी हायच."

मी त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. अर्ध्या पानाचा खुलासा लिहायचा वाचला, म्हणून चहा मागवला. पुढच्या आठवड्यात त्यांना पुन्हा बंदोबस्त लागला, आणि त्याच नाक्यावर ते छाती धरून कोसळले. परत उठले नाहीत.

निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी त्यांची बायको आली. मी रांग थांबवली आणि तिचं काम आधी केलं. त्यांचं काम मी सगळ्यांच्या आधी केलं, ते तेव्हा पहिल्यांदा.

सह्या झाल्या तरी ती उठेना.

"ताई, साहेब बोलले, ह्यांची तपासनी झालेली, यादीत हाय. मंग डॉक्टरला कायच कसं दिसलं नाय? पोरगी मलाच बोलते, तू त्यांना खारट खायाला घातलंस. तो रिपोर्ट दावा ना. एकदा तिला वाचून दावते."

खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. मी कपाट उघडलं आणि फायली वरखाली करू लागले. मला माझीच किळस आली.

खिडकीबाहेर रांग वाढली होती. तिने पदर सावरला आणि भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसली.

"पयलं त्यांचं करा, ताई. सावकाश शोधा. मी हाय."