तोंड न धुतलेले शेत

हे मी गेल्या वर्षापर्यंत कोणाला सांगितलेले नव्हते. बायकोला अर्धे सांगितले होते, आणि त्यातही माझी बाजू सावरून.

खाणी थांबल्या होत्या तेव्हाची गोष्ट. डिचोलीत दारोदार ट्रक उभे होते, आणि सगळ्यांनाच एकाएकी शेतीची आठवण झाली होती. आमच्या संस्थेने एक योजना आखली. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतले जाणते शेतकरी निवडायचे, त्यांना प्रशिक्षण द्यायचे, मग त्यांच्या हाताखाली कॉलेजची मुले माती सांभाळायला शिकतील. शेतकऱ्यांना तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. मी पेडण्याचा. बापाने मांद्र्याचे शेत पाहुण्यांच्या खोल्यांसाठी देऊन टाकले तेव्हा मी कृषी पदविका करीत होतो. चिखलात उतरलो असेन तो सुट्टीत, तेही हौसेने. तरी शिकवणारा मी ठरलो.

प्रशिक्षण म्हापशाला होते, तीन दिवसांचे. शुक्रवार मुद्दाम टाळला होता, नाहीतर सगळे बाजारात पांगले असते. आमोण्याचे एक गृहस्थ आले होते, साठी उलटलेले. गावात त्यांना आबा म्हणत, मीही आबाच म्हणू लागलो. त्यांचे आयुष्य खाजनात गेले होते. खाजन म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. त्या बांधाला पाण्याचे एक दार असते, त्याला मानस म्हणतात. ओहोटीला उघडायचे, भरतीला मिटायचे. दार सगळ्यांचे एकच, म्हणून भाताची लावणीही सगळ्यांनी एकदमच करायची. ती कधी, हे आबा सांगत. त्यांना कोणी नेमले नव्हते. पाऊस लागला की ते शेतात उतरत, मनगट बुडेपर्यंत हात खाली घालून तळची माती काढत, जिभेला लावत आणि थुंकत. मग म्हणत, "शेतान अजून तोंड धुवंक ना." एवढे म्हटले की गावात कोणी रोप उपटत नसे. सकाळी उठलेल्या पोराला तोंड धुतल्याशिवाय आपण पेज वाढत नाही, तसेच ते. आधी मीठ धुऊन जाऊ दे, मग शेताला रोप.

मी त्यांना शिकवले की असे बोलायचे नाही. 'क्षारांचा निचरा अपूर्ण आहे' असे म्हणायचे, म्हणजे मुलांना लिहून घेता येईल.

"इतलीं वर्सां हांव उलयतां," आबा शेजारच्याला म्हणाले, "आतां म्हाका उलोवपाक शिकयतात!"

सगळे हसले. मीही हसलो, पण फळ्यावरचे वाक्य पुसले नाही. मग मी म्हणालो, "आणि आबा, मुलांसमोर माती तोंडात घालायची नाही."

"मग खंय घालूं, सायबा? कानांत?"

त्यावर हशा आवरेना. मी चिडलो होतो. क्षार मोजायचे छोटे यंत्र काढून मी टेबलावर ठेवले, आणि त्याच तिरमिरीत शेवटचा नियम सांगितला. विद्यार्थ्यांसमोर मार्गदर्शक शेतकऱ्याने प्रशिक्षकाचे म्हणणे कधीही खोडायचे नाही. काही वेगळे वाटले तर नंतर, बाजूला घेऊन सांगायचे. मुलांचा विश्वास उडता कामा नये. आबांनी मान डोलावली. हा एक नियम त्यांना पटला होता. शिकवणाऱ्याचा मान राखायचा असतो, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

आमोण्यात आबांच्या शेतात मुले यायला लागली. ती आठ-दहा असतील. बांध कसा लिंपायचा, गाळ कुठला चांगला, खेकड्याने पाडलेले भोक कसे ओळखायचे, हे सगळे आबांनी दाखवले. त्या दिवसांत मी वहीत खुणा करण्यापलीकडे काही करत नव्हतो. लावणीचा दिवस मात्र वरून ठरून आला. पाहुणे येणार होते, फोटो काढायचे होते. आदल्या सकाळी आबांनी मला मानशीपाशी बाजूला घेतले.

"आठ दीस रावात, सायबा. आनीक कांय ओहोट्यांचें उदक भायर काडपाक जाय."

मी म्हटले, "आबा, तारीख बदलत नाही."

ठरल्या दिवशी पाहुण्यांसमोर मी यंत्र पाण्यात धरले. पाणी वर साचलेले होते, चार दिवसांच्या पावसाचे, गोडे. आकडा उत्तम आला. मीठ खाली तळात असते, हे मला ठाऊक होते. यंत्र खाली मातीपर्यंत न्यायचे असते, हेही मीच त्यांना शिकवले होते. मी खाली नेले नाही. काल मानशीजवळ बांध लिंपणारी एक मुलगी वहीत आकडा लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, "सर, पण आबांनी काल 'नको' म्हटलं होतं ना?"

मी आबांकडे पाहिले. बांधावर ते चिखलाचे हात घेऊन उभे होते. मुले बघत होती. आबा हातांचा चिखल निपटू लागले. मी म्हटले, "यंत्र काय सांगतंय ते लिही."

रोपे आमच्या केंद्रातून आणलेली, सुधारित जातीची. आबांचे कोरगूट, ते खाऱ्या मातीतले जुने भात, असते तर कदाचित तगले असते. पाऊस आठवडाभर ओसरला, ऊन पडले, आणि मीठ वर आले. शेंड्यापासून पाती पिवळी पडत गेली, मग करपली. आबांच्या शेतावर विसंबून आणखी चार घरांनी त्याच दिवशी लावणी उरकली होती. आबा करतात म्हणजे ठीकच असणार, असे म्हणून. त्यांचेही करपले.

अहवालात एक रकाना होता. लावणीचा निर्णय कोणाचा? मी लिहिले: मार्गदर्शक शेतकरी. दोनच शब्द. माझी नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही, ते त्याच महिन्यात ठरायचे होते.

गावातल्या शाळेच्या खोलीत तो अहवाल वाचला गेला. मुले होती, गावकरी होते. आबा पुढच्या बाकावर होते, इस्त्रीचा शर्ट घालून. ते दोन शब्द आले तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी कागद सारखे करीत होतो. त्यांना योजनेतून वगळल्याचे पत्र मीच टाइप केले. 'आपल्या सहकार्याबद्दल आभार' असे त्यात आहे.

पुढचे मला तुटक तुटक कळत गेले. चहाच्या दुकानात कोणी तरी म्हणायचे, "आबा, चा गोड जालो मरे? चाखून सांगात!" त्यांना विचारून लावणी करायची पद्धत मोडली. एक वर्ष बांध समितीने ठरवले, एक वर्ष मानस सांभाळणाऱ्या ठेकेदाराने. एकदम लावणी होईना, एकाचे पाणी दुसऱ्याच्या शेतात शिरू लागले, दोघा-तिघांनी शेते पडीक टाकली. आबा आपल्यापुरते लावत राहिले. माझी नेमणूक चालू राहिली. मी तोच वर्ग आणखी सहा वर्षे घेतला, तोच नियम सांगत.

गेल्या वर्षी मी आमोण्याला गेलो. का, ते मला नीट सांगता येत नाही. आबा अंगणात सुपाऱ्या सोलत होते. मी उभ्या उभ्याच सगळे बोलून टाकले. यंत्र वर धरले ते, रकान्यात लिहिले ते.

"म्हाका खबर आशिल्लें," ते म्हणाले. "हांव थंयच उबो आशिल्लों न्हू?"

"मग शाळेत का नाही बोललात?"

"पोरां बसल्लीं. तूंच सांगिल्लें, पोरांमुखार मास्तराचें उतर मोडप ना."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच 'तूं' म्हटले. हातातली सुपारी सुपात टाकून ते म्हणाले, "म्हाका कित्याक सांगता? हांव जाणां. जांकां खबर ना तांकां सांग."

मला वाटले होते, ते रागावतील किंवा माफ करतील. दोन्हींतले एक घेऊन घरी जायची माझी तयारी होती.

पावसाच्या तोंडावर बांध समितीची बैठक होती, तिला मी गेलो. आबा आले नव्हते. उभा राहून मी सांगितले. माझे झाल्यावर मागून एकाने विचारले, "मग तेन्ना तुमी उगे कित्याक रावले?"

मी म्हटले, "नोकरी."

एकजण हसला. समितीचा अध्यक्ष माझ्याच वयाचा माणूस. तोही त्या करपलेल्या चार घरांतला. तो म्हणाला, "बरें. ह्या वर्सा आबाक विचारूंया," आणि बांधाला पडलेल्या भगदाडाचा विषय काढला. माझे सगळे पाच मिनिटांत आटोपले होते.

पाऊस लागून पंधरा दिवस झाल्यावर अध्यक्षाचा फोन आला.

"सायबा, आबांगेर गेल्लों. विचारलें, केन्ना लावया."

"काय म्हणाले?"

"म्हणटा, तुमी तेन्ना सायबाचें आयकलें. आतांय सायबाकच विचारात." त्याच्या मागे बायकांची बोलणी ऐकू येत होती, रोपे काढायला जमलेल्या असाव्यात. "सांगात, आज लावया?"

मी म्हटले, "मला नाही सांगता येणार."

"येवन पळयात तरी. तें यंत्र आसा न्हू तुमगेर?"

"आहे. पण मला खरंच कळत नाही."

"कळना?" त्याला ते खरे वाटेना. "मग इतलीं वर्सां तुमी आमकां शिकयलें कितें?"

मग मागे वळून त्याने बायकांना घरी पाठवले, "वचात घरा." फोन त्यानेच ठेवला.