काळोख खरवडणारे व्याही

आमच्या किन्हवलीच्या व्याह्यांइतका काळोखावर जीव असलेला माणूस अख्ख्या शहापूर-मुरबाडात दुसरा नाही, आणि निघाला तर माझी खाचरं मी त्याच्या नावावर करीन. मुंबईच्या छापखान्यात हयात घालवून माणसं भांडीकुंडी घेऊन गावी येतात. यांनी एक दातेरी पोलादी हत्यार आणलं. ते तांब्याच्या पत्र्यावर उभं, आडवं, तिरकं महिनाभर डुलवत बसायचं. पत्रा सगळा खरबरीत होतो, शाई लावून छापला तर कागदावर नुसती अवस. मग उजेड पाहिजे तिथं तेवढंच खरवडायचं, घोटायचं. याला मेझोटिंट म्हणतात. जुन्या इंग्रजी चित्रांवरून ते असे छाप काढतात: नदी, गिरणी, झाडं आणि वर हे एवढं आभाळ. स्वतः माळशेज घाट चढून पलीकडे कधी गेले नाहीत.

पहिल्या पत्र्यापायी विहीणबाईंची तांब्याची परात गेली. छापायचं यंत्र म्हणजे रसवंतीवाल्याचा जुना चरक. छापात सगळं उलटं उमटतं, हे एकदा विसरले आणि गावाबाहेर चाललेली घोडागाडी गावाकडं वळली. मी हसलो, तर शांतपणे म्हणाले, "सांज झाली व्याही, घोडे घरला निघाले." एवढी मेहनत कशाला, आसनगावला झेरॉक्स काढा, असं मी एकदा बोललो. चार महिने ते आले नाहीत. मीही गेलो नाही.

शेवटी गेलो तेव्हा कळलं, त्यांचे डोळे चाललेत. डॉक्टर म्हणाले होते, दिसतंय तेही थोडेच दिवस. पत्र्यावर एक आभाळ अर्धं राहिलेलं. काळं खरवडताना हात जरा जास्त लागला, तर ढग कापसासारखा पांढरा होऊन वर्षाचं काम वाया. खरवडणी हातात घेऊन ते म्हणाले, "तुमी आभाळ बघून पेरता. कुठं थांबायचं ते सांगा."

ह्या माणसानं कुणाकडं काही मागितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खरवडलेला भाग चकाकत होता, राहिलेला मंद. मी मान वाकवून बघत राहिलो. ढगाच्या पोटाशी हात आला तसा मी म्हणालो, "बस. तिथं पाणी हाय." हात जागच्या जागी थांबला.

चरकातून कागद निघाला. त्यांनी तो अगदी नाकाशी धरला, मग माझ्याकडं दिला.

"पडंल का हो?"

उभ्या जन्मात आभाळाच्या वतीनं मी कुणाला शब्द दिलेला नाही. त्या दिवशी दिला.

"पडंल," म्हणालो. "भाताला पुरंल एवढा."